एका शब्दाचे दिव्य

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही मास्तराच्या तोंडी 'दिव्य' हा शब्द दिवसातून दोनदा तरी येतो, आणि दोन्ही वेळा त्याचा स्वर्गाशी काडीचाही संबंध नसतो. एखादा पेपर उघडावा आणि म्हणावे, 'काय दिव्य अक्षर आहे!' मग उरलेल्या गठ्ठ्याकडे पाहून सुस्कारा टाकावा, 'एवढे संपवायचे म्हणजे एक दिव्यच आहे.' घरोघरी हेच चालते. शेजारच्या चिरंजीवांनी नवा पराक्रम केला की ते 'दिव्य' ठरतात आणि उन्हाळ्यात लग्नाचे वऱ्हाड गाडीत चढवणे हेही 'दिव्य' ठरते. देवादिकांच्या दर्शनाला लागणारा हा शब्द आपण इतक्या सहज स्वयंपाकघरात आणून ठेवला आहे की, तो तिथे कसा आला हे कोणी विचारीत नाही.

वर्गात इंग्रजीतला 'डिव्हाइन' आणि मराठीतला 'दिव्य' हे शब्द मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, तेव्हा मुलांना वाटते की सर आता इंग्रजांनी आपला शब्द पळवल्याचे सांगणार. चोरी कोणी केलेली नाही. दोघांचे आजोबा एकच. 'दिव्' म्हणजे प्रकाशमान आकाश. त्यापासून आपल्याकडे देव, दिवस, दैव आणि दिव्य हे सारे गोत निर्माण झाले. ऋग्वेदातला द्यौष्पितर, ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा ज्युपिटर हे एकाच कुळातले. इंग्रजांच्या 'ट्यूजडे'मध्ये जो ट्यू नावाचा जुना देव दडला आहे, तोही आपल्या 'देव' या शब्दाचा दूरचा भाऊबंद. गंमत अशी की, जो शब्द या घरातला हमखास वाटतो तो 'डे' मात्र या घरातला नाही. 'दिवस' आणि 'डे' यांचे दिसणे सारखे, अर्थ सारखा, पण कूळ वेगळे. आपल्या दिवाळीचेही तसेच. ती 'दीप'वरून आली, 'दिव्'वरून नव्हे. नावाच्या साम्यावरून नाते जोडणाऱ्यांना भाषा अशा टपल्या मारते.

एक भाऊ इराणात गेला, त्याची कथा तर नाटकात घालावी अशी आहे. तिकडच्या जुन्या धर्मात 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती ठरली. फारसीत 'दीव' म्हणजे राक्षस झाला. अशा दीवाने ज्याला झपाटले तो 'दीवाना'. हाच दिवाना पुढे आपल्या चित्रपटांतल्या गाण्यांत येऊन नायिकेच्या खिडकीखाली उभा राहिला. म्हणजे देवाचा राक्षस झाला, राक्षसाचा वेडा झाला आणि वेड्याचा प्रियकर. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या तर कोणाचा विश्वास बसणार नाही.

'डिव्हाइन'चा प्रवास त्या मानाने सभ्य. चौदाव्या शतकाच्या सुमारास तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. देवाविषयीचा म्हणून आला, मग धर्मशास्त्र जाणणाऱ्या पाद्र्यालाच 'डिव्हाइन' म्हणू लागले. क्रियापद होऊन त्याने 'अंतर्ज्ञानाने ओळखणे' असा अर्थ घेतला. म्हणून हातात फांदी धरून जमिनीखालचे पाणी सांगणारा तोही 'डिव्हाइनर', ज्याला आपण पाणाड्या म्हणतो. शेवटी चहाच्या टेबलावर केक चांगला झाला तरी बायका 'डिव्हाइन' म्हणू लागल्या. इटालियन 'दिवा', म्हणजे देवी, ही आधी संगीतिकेतली थोर गायिका झाली आणि हल्ली नखरे करणाऱ्या कोणाही बाईला 'डिव्हा' म्हणतात. थोडक्यात, तिकडे हा शब्द देवळातून निघून दिवाणखान्यात आला.

आपला मात्र दिवाणखान्यात आला नाही. तो आला न्यायसभेत, आणि उकळत्या तेलाच्या कढईजवळ उभा राहिला.

याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. जिथे साक्षीदार नाही, कागद नाही, तिथे देवानेच निवाडा करावा म्हणून जी परीक्षा घ्यायची ती 'दिव्य'. पुढे यादी वाढत गेली. मराठेशाहीत पाटीलकीच्या नाहीतर कुलकर्णाच्या वतनाचा तंटा गोतसभेत सुटेना, की वादी दिव्याला उभा राही. त्यातले 'रवा दिव्य' पुष्कळांनी वाचले असेल. तापलेल्या तेला-तुपात धातूचा तुकडा टाकायचा आणि तो हाताने काढायचा. आधी हात धुवायचे, नखे काढायची, कपाळाला आपल्या दाव्याचे भाळपत्र बांधायचे. नंतर हाताला पिशवी चढवून तिच्यावर मोहोर करायची. ठरल्या दिवशी पंचांसमक्ष पिशवी उघडायची. हात शाबूत तर माणूस खरा, भाजला तर खोटा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ साली काढला. त्यातून कळते की, दिव्य हा त्या काळच्या न्यायाचा एक रीतसर भाग होता.

युरोपातही तापलेले लोखंड आणि उकळते पाणी होतेच. लॅटिनमध्ये त्याला 'देवाचा निवाडा' म्हणत. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना अशा परीक्षांत भाग घ्यायला बंदी केली, आणि इंग्लंडमध्ये त्या जागी हळूहळू ज्यूरी आली. इंग्रजीत या परीक्षेला 'ऑर्डील' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ नुसता 'निवाडा'. त्यांनी निवाड्यावरून नाव दिले, आपण स्वर्गावरून. त्यामुळे आपल्या शब्दाला जो चटका लागला तो 'डिव्हाइन'ला कधी लागला नाही. मोल्सवर्थच्या कोशात दिव्य हे विशेषण म्हणून तेजस्वी आणि नाम म्हणून भयंकर असे दोन्ही अर्थांनी नोंदलेले सापडते. मराठी माणूस 'दिव्यातून गेलो' म्हणतो तेव्हा त्याच्या नकळत ती कढई उकळत असते. विशेषणाची पुढे थट्टा झाली, पण नामाची झाली नाही. 'अग्निदिव्य' म्हणताच आजही सीता आठवते आणि कोणी हसत नाही.

इथपर्यंत हे सारे वर्गात शिकवायला सोपे होते. पण डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या 'मन की बात'मध्ये 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले, आणि शब्दाला नवी नोकरी लागली. दिल्लीतल्या खात्याच्या नावात तो आला. २०२२ साली महाराष्ट्रात 'दिव्यांग कल्याण' असा स्वतंत्र विभागच झाला. आमच्या स्टेशनावरही तो पोचला. आमच्या गावाच्या नावातच 'रेल्वे' आहे. याच जिल्ह्यात चांदूर बाजार असल्यामुळे नुसते चांदूर म्हणून भागत नाही, म्हणून बडनेरा-वर्धा मार्गावरच्या आगगाडीने आम्हांला आपले नाव दिले. त्या फलाटावर उभे राहिले की एका डब्यावर 'दिव्यांगजन' असे लिहिलेले दिसते. मी ते वाचतो आणि कोशातली दोन्ही पाने डोळ्यांपुढे उघडतात.

हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? 'लंगडा', 'आंधळा' ही विशेषणे आपण ज्या निर्दयपणे वापरली, त्यापुढे कोणताही शब्द बरा. तरीही अपंगांच्या कित्येक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली, आणि २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही या शब्दावरच्या वादाची नोंद केली. हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे मला व्याकरणाच्या मास्तराला फार जवळचे वाटते. ज्याला स्वर्गीय म्हटले त्याला नमस्कार करून मोकळे होता येते. नागरिक म्हटले की त्याचे देणे द्यावे लागते.

शिवाय या दिव्यत्वाला टक्केवारी आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे आरक्षणासारख्या बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागते आणि त्याचे प्रमाणपत्र लागते. आकाशाच्या तेजाचे मोजमाप टक्क्यांत करणारी भाषा बहुधा आपलीच पहिली! प्रमाणपत्रासाठी माणसाला तपासणीला उभे राहावे लागते. हात-पाय पाहिले जातात, मोजले जातात, कागदावर मोहोर उठते, आणि खरा की खोटा हे ठरते. पंच बदलले, कढई गेली, एवढेच. तपासणी नको असे मी म्हणत नाही. खोटी प्रमाणपत्रे मिरवणारे आहेतच. पण शब्दाचा जुना अर्थ आपण दारातून हाकलला आणि तो खिडकीतून आत येऊन बसला, हे मात्र खरे.

आमच्या वर्गात कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा होता. शब्दांच्या अर्थांतरावर तास चालला होता. मी अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष असे मांडत 'दिव्य'वर आलो आणि मुलांना विचारले की, आजचा 'दिव्यांग' हा अर्थाचा उत्कर्ष म्हणायचा की अपकर्ष? कोणी उत्कर्ष म्हणाले, कोणी गप्प बसले. तो मागच्या बाकावरून म्हणाला, 'सर, नाव त दिव्य झालं, पन पायऱ्या तेवढ्याच हायेत. मले दिव्य नको, रॅम्प पाह्यजे.' वर्ग हसला. तोही हसला. मराठीचा वर्ग तेव्हा वरच्या मजल्यावर भरत असे.

पुढच्या आठवड्यापासून तास तळमजल्यावरच्या एका खोलीत घ्यायला सुरुवात केली. खोली अंधारी आहे, फळ्याला भेग आहे आणि शेजारी सायकलींचा खडखडाट. मुलांची कुरकुर झाली. त्या मुलाने मात्र पहिल्या बाकावर जागा धरली आणि तासाच्या शेवटी 'दिव्यदृष्टी'चा समास विचारला. दिव्य अशी दृष्टी, म्हणून कर्मधारय, हे मी फळ्यावरच्या भेगेच्या डाव्या बाजूला लिहून दिले.