आधी पाणी जेवलं पाहिजे

आमच्या भंडारा-गोंदियाकडे गावोगावी बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले ते धानाच्या ओलितासाठी. त्यातली मासळी ढिवरांची. तलावाला खत द्यावं लागतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नसे, कारण ते आपसूक पडत होतं. आखरावरून निघालेली गुरं पाळ ओलांडून पाण्यात उतरत, म्हशी दुपारभर डुंबत. उन्हाळ्यात पाणी आटलं की उघड्या पडलेल्या तळात तीच गुरं चरत. मृगाचा पाऊस जंगलातला पालापाचोळा आत आणून सोडी. मग पाण्याला हिरवट-तपकिरी रंग चढे. काचेच्या पेल्यात ते उन्हाकडे धरलं की बारीक ठिपके झटके देत पोहताना दिसत. पिल्लांचा पहिला घास तो.

बीज मात्र दुर्मीळ. नदीतून गोळा केलेलं, कलकत्त्याहून हंड्यांत भरून रेल्वेने येणारं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं आणि पुढे गणितच बदललं. आज कटला, रोहू, मृगळचं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून मिळतं.

आता बीज आहे, पाणी उपाशी आहे. गोठे रिकामे झाले, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, कित्येक बोड्यांत बेशरमचं तण माजलं. शेततळ्यांची गत आणखी वाईट. तळाचा चिखल खत धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. प्लास्टिकच्या अस्तरावर चिखलच नाही. अशा काचेसारख्या नितळ पाण्यात जिरं सोडायचं आणि महिन्याभराने बीज देणाऱ्याला शिव्या घालायच्या, हे मला पटत नाही. जिऱ्याची पोटातली शिदोरी दोन-तीन दिवसांत संपते. त्यानंतर तोंडाशी काही नसेल, तर उत्तम बीजही मरणारच.

गुरं जे नकळत करत होती, ते आता हिशेबाने करावं लागतं. संगोपन तळ्यात आधी मोहाची पेंड, हेक्टरी मीटरभर पाण्याला सुमारे अडीच हजार किलो. तिने मरळीसारखे शिकारी मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष ओसरतं आणि तीच पेंड खत होते. म्हणून पेंड टाकली असेल तर शेण निम्म्यावर आणायचं. पेंड नसेल, तर तळ्यात चुना टाकल्यानंतर हेक्टरी दहा टनांच्या आसपास ताजं शेण, तेही जिरं सोडण्याच्या पंधरवडाभर आधी. आमचे काही ढिवर बांधव शेततळ्यात शेणाची गोणी बांधून कोपऱ्यात बुडवून ठेवतात. रस झिरपत राहतो, गाळ होत नाही. मला ही रीत फार आवडते.

पाणी तयार झालं की नाही, हे हात सांगतो. कोपरापर्यंत बुडवा. तळवा स्पष्ट दिसला तर खत कमी. जेमतेम दिसेनासा झाला तर योग्य. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर खत ताबडतोब थांबवा, नाहीतर पहाटे ऑक्सिजन संपून मासे वर तोंड काढतील.

येत्या पावसाळ्याआधी मच्छीमार संस्थेच्या बैठकीत बीजखरेदीचा विषय निघेल. त्या रकमेच्या आधी चुना आणि शेणाची रक्कम मांडा, मगच बीजाची मागणी नोंदवा.