मुदतवाढीची खिडकी कुठली?

परदेशात अडकलेल्या माणसाचा पहिला फोन आपल्या वकिलातीला जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण कोविडच्या साथीत, २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या माझ्या ऑफिसात रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनांवर एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडायचं : "एम्बसीला मेल केलाय, उत्तराची वाट बघतोय." ते ऐकलं की मला धास्ती वाटायची. उत्तर येईपर्यंत मुक्कामाची तारीख निघून जाणार, हे मला दिसत असायचं.

ज्या देशात आपण आहोत तिथला मुक्काम वाढवायचा अधिकार फक्त त्या देशाच्या सरकारचा. भारताचा राजदूत कितीही कनवाळू असला तरी अमेरिकेतला तुमचा एक दिवसही वाढवू शकत नाही. वाणिज्य दूतावासांनी काय काय करायचं हे १९६३ च्या व्हिएन्ना करारात लिहून ठेवलेलं आहे : आपल्या नागरिकांना पासपोर्ट देणं, अडचणीत त्यांच्या पाठीशी उभं राहणं, परक्यांना आपल्या देशाचा व्हिसा देणं. यजमान देशातल्या मुक्कामाची परवानगी त्या यादीत नाही. व्हिसाचं काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे पाठ असतं, पण घाबरलेल्या माणसाला ते कुणी वेळेवर सांगत नाही.

भारतात येणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून थांबली, ती थेट २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. पहिल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेले बहुतेक जण मुलीच्या बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात गेलेले आई-वडील होते. ऑक्टोबरात गेलेले, एप्रिलची परतीची तिकिटं काढलेले. त्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला अगदी निर्धास्तपणे विचारलं, "मॅडम, व्हिसा तर २०२७ पर्यंतचा आहे, मग घाई कसली?"

इथेच खरी गफलत होते. पासपोर्टात चिकटवलेला अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची मुभा. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पर्यटकाला ती बहुधा सहा महिन्यांची मिळते. ही नोंद आता ऑनलाइन काढावी लागते, त्यामुळे पुष्कळांनी ती कधी पाहिलेलीच नसते. मी गुरुजींना फोनवरच ती काढायला लावली. मुदत संपायला अवघा आठवडा उरला होता.

त्या तारखेच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज दाखल झाला पाहिजे. तेव्हा त्याची फी ३७० डॉलर होती, शिवाय बोटांच्या ठशांचे माणशी ८५. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं निदान ४५ दिवस आधी अर्ज करा असं सुचवतं, पण शेवटच्या दिवशी केलेला अर्जही वेळेतलाच धरला जातो, आणि निर्णय होईपर्यंत माणूस बेकायदा ठरत नाही. उलट अर्जच केला नाही आणि तारीख उलटली, तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला तर परत गेल्यावर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षावर गेला तर दहा. सत्तरीतल्या आजीला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे मी वेगळं लिहायला नको.

गुरुजींच्या अर्जाला आम्ही रद्द झालेलं तिकीट जोडलं, मुलीच्या बँकेचं स्टेटमेंट, आरोग्य विम्याची वाढवलेली पॉलिसी, पुण्यातल्या घराचे आणि पेन्शनचे कागद, आणि सगळ्यात वजनदार कागद म्हणजे आपल्या डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाचं, विमानबंदीचं परिपत्रक. ही बंदी पुनःपुन्हा वाढत होती, म्हणून प्रत्येक नवं परिपत्रक जपून ठेवायला सांगितलं. परतायची इच्छा आहे आणि वाट बंद आहे, एवढंच अर्जात सिद्ध करायचं असतं. भावनिक पत्रं तिथे कामाची नाहीत.

मग वकिलातीचा उपयोग काय? भरपूर आहे, मागणी नेमकी असली तर. थायलंडचंच बघा. मार्च २०२० मध्ये तिथलं इमिग्रेशन खातं पर्यटकांकडे त्यांच्या वकिलातीचं पत्र मागत होतं. ते जोडून १,९०० बाथ भरले की ३० दिवस मिळायचे. तो कागद नसला तर रोजचा दंड ५०० बाथ. पुढे तिथल्या सरकारने सरसकट सवलत दिली आणि ती वाढत वाढत २६ सप्टेंबरपर्यंत गेली. असं पत्र मागताना मेलमध्ये पासपोर्ट क्रमांक, देशात आल्याची तारीख, मुदत संपायची तारीख आणि रद्द तिकीट एवढं पहिल्याच खेपेला द्यावं. "प्लीज हेल्प" एवढ्याच मेलवर तिथला बिचारा कर्मचारी करणार तरी काय?

दुसरं, पासपोर्ट. तोच संपत आला असेल तर मुदतवाढ अडते, आणि नवा पासपोर्ट आपल्याच दूतावासाकडून मिळतो. तिसरं, परतीची जागा. ७ मे २०२० ला परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या सरकारी 'वंदे भारत' मोहिमेची पहिली विमानं अबुधाबीहून कोचीला आणि दुबईहून कोझिकोडला उतरली. त्या विमानांसाठी नावं वकिलातीकडेच नोंदवायची होती, आणि व्हिसा संपत आलेले, आजारी, गरोदर, वृद्ध यांना आधी घेतलं जात होतं. तिकीट मात्र ज्याचं त्याने काढायचं. ज्यांच्याजवळ खरोखरच काही उरलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून राहण्याची सोय, तिकीट, किरकोळ दंडही भरता येतो. हा निधी मागायला लोक संकोचतात. संकोचू नये, तो याच कामासाठी ठेवलेला आहे.

आपल्या देशानेही त्या वेळी परक्यांना अशी मुदतवाढ दिली, त्याचा मला अभिमान वाटतो. गोव्यात आणि इतरत्र अडकलेल्या परदेशी पर्यटकांचे व्हिसा गृह मंत्रालयाने विनाशुल्क वाढवले. ब्रिटिश सरकारने आपल्या माणसांसाठी गोव्याला खास विमानं पाठवली, ती त्यांना घरी नेण्यासाठी. भारतातला मुक्काम कायदेशीर ठेवण्याची सोय मात्र दिल्लीनेच केली. नियम तोच, बाजू उलटी.

गुरुजी आणि त्यांच्या पत्नी अर्जाचा निकाल लागायच्या आतच वंदे भारतच्या विमानाने परतले. असं पुष्कळांचं झालं, आणि इथे एक काळजी घ्यावी लागते. माणूस देश सोडून गेला म्हणून अर्ज दाखल केल्याची पावती फेकून देऊ नये. पुढच्या वेळी विमानतळावरचा अधिकारी विचारतो, सहा महिन्यांच्या वर कसे राहिलात? तेव्हा ती पावती, रद्द झालेलं तिकीट आणि ज्या विमानाने परतलात त्याचा बोर्डिंग पास, हे तिन्ही कागद एका पाकिटात घालून पासपोर्टासोबत न्यावेत.