बाजाराच्या दिवसाची गोळी

तेल्हाऱ्याच्या आमच्या घरात दिवाळीची वर्दी येई ती आईच्या चकल्यांच्या वासाने. पण चार वर्षांपूर्वी सोऱ्या फडताळातच राहिला. सकाळी दीडदोन तास आईची बोटे मिटतच नसत. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येई. “वय झालं बाप्पा,” एवढेच ती म्हणे.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, “हे वय नव्हे, आमवात. शरीराचे राखणदारच घरच्यांवर उलटले आहेत.” मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. “पहिली रोज घेतलीत तर जिवावर बेतेल,” हे त्यांनी तीनदा बजावले. आईने बाजाराचा दिवस धरला.

गंमत अशी, की या कथेचा उगम आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखविले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड! पुढे अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने ते तयार केले, आणि त्याची वाट अडविणारी औषधेही.

पेशीचा राग तिच्या चुलीवर अवलंबून असतो म्हणे! चिडलेली राखणदार पेशी साखर भराभर जाळते. गोळीमुळे पेशींबाहेर ॲडिनोसिन साठते. हे द्रव्य पेशीच्या रोजच्या उलाढालीतलेच. पण ते वाढले की राखणदार निवळतात.

एवढे ज्ञान मिळविलेल्या मीच गेल्या वर्षी घोळ घातला. दोन्ही गोळ्या पिवळ्या, इवल्याशा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड समजून मी पुन्हा पहिलीच दिली. तिसऱ्या दिवशीही तीच पुढे केली, तेव्हा आईने हात मागे घेतला.

“आज कुठचा बाजार? आन् कालचीबी अशीच कडू होती. काहून देऊन रायला मले?”

पाकीट वाचले आणि माझे पाय लटपटले. तडक अकोला गाठले. पंधरा दिवस रक्त तपासत होतो, सुदैवाने निभावले. मी पुस्तके वाचली होती, तिने फक्त वार ध्यानात ठेवला होता.

यंदा सोऱ्या फडताळातून खाली आला आहे. फिरवतो मी, काटा मोडला की ओरडते ती.