ज्याची नोंद, त्याचा अखत्यार

पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणकीय कारभाराची फेररचना माझ्याकडे आली, तेव्हा शेतकी खाते, वजनकाटा आणि लेखा खाते यांच्या प्रणाली निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी घडलेल्या होत्या, आणि एकाच सभासदाचे नाव तिन्ही दप्तरी तीन तऱ्हांनी लागलेले होते. प्रत्येक खात्याने आपले काम ठरलेल्या करारान्वये इतरांस सेवा म्हणून उपलब्ध करावे व त्याच्या अंतर्भागात कोणी हात घालू नये, ही सेवाधिष्ठित रचनेची कल्पना सर्वांस मान्य होती. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडलेले माहितीगोपनाचे तत्त्वच तिच्या मुळाशी आहे. प्रश्न होता तो सीमा कोठे आखाव्यात, याचा.

पडद्यावरील एकेका तक्त्यागणिक एकेक सेवा, असा मसुदा पुढे आला होता. तो मला पटेना. कागद कोठून निघतो, कोणाच्या सहीने पक्का होतो आणि तक्रार उद्भवल्यास कोणाची वही प्रमाण धरली जाते, हे मी कारकुनांशेजारी बसून पाहिले, आणि जेथे अखत्यार बदलतो तेथेच सेवेची सीमा आखली. लागणीची नोंद शेतकी खात्याची, वजन काट्याचे, सोसायटीच्या कर्जाची कपात लेखा खात्याची.

वजनाच्या सेवेत मी सर्वाधिक गुंतलो. भरली गाडी काट्यावर चढते, ऊस गव्हाणीत पडल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि दोहोंच्या वजाबाकीतून निव्वळ वजनाची पावती निघते. ती नोंद लेखा खात्यास पोहोचूनही पोच परतली नाही, तर काटा ती पुन्हा पाठवणार, आणि एका खेपेचे पैसे दोनदा लागणार. म्हणून तीच पावती पुन्हा आल्यास नवी रक्कम न धरता पहिलेच उत्तर द्यावे, अशी अट करारात घातली. पावतीक्रमांक दर हंगामात एकपासून सुरू करण्याचा शिरस्ता असल्याने हंगाम आणि काटा यांचाही तिच्या ओळखीत समावेश केला.

लेखा खात्याची सेवा बंद असली की वजनही थांबवावे, असा एक आग्रह होता. त्यास मी ठाम विरोध केला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊसबिलास १४ दिवसांची मुदत दिली आहे, परंतु तोडलेला ऊस तासागणिक वाळतो आणि त्याचे वजन घटते ते शेतकऱ्याच्या पदरचे. अखेर नोंदी काट्यावरच साठवून लेखा सेवा सुरू होताच क्रमाने पाठवण्याचे ठरले, आणि करार मराठीत लिहून त्यावर तिन्ही खातेप्रमुखांच्या सह्या घेतल्या.