हद्दीबाहेरचे बालपण

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर किंवा मुंबईजवळच्या कल्याण येथील फलाटांच्या टोकाला जी मुले रात्री अंग टाकतात, त्यांच्या मुठीतील चिंधीचा उग्र, गोडसर दर्प ज्याच्या नाकाशी एकदा आला, त्याला त्यांना नीतिपाठ देण्याची इच्छा उरेल असे मला वाटत नाही. त्या चिंधीवर ओतलेल्या व्हाइटनर, थिनर किंवा पंक्चरच्या सोल्युशनमधून निघणाऱ्या टोल्युइनसारख्या वाफा श्वासावाटे काही क्षणांत मेंदूपर्यंत पोहोचतात. भूक मरते, थंडी बोथट होते, आणि निजल्याजागी कोणी लाथ घालील हे भय घटकाभर ओसरते. कालांतराने त्याच वाफा मेंदू व मूत्रपिंडे झिजवतात, आणि प्रसंगी हृदयाची लय बिघडून एका दमातही प्राण जातो. पण पोटात अन्न नसलेल्या पोराला कालांतराची भीती कोणत्या तोंडाने घालावी? अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. मोठ्यांहून मुलांत अधिक फैलावलेले असे हे एकच व्यसन.

बाटलीबंद व्हाइटनर आणि थिनर यांच्या किरकोळ विक्रीस केंद्र सरकारने २०१२ सालीच मनाई केली. परंतु सोल्युशनची नळी पंक्चरवाल्याकडे मिळतेच, आणि माझ्या मते खरा प्रश्न त्या नळीचा नाहीच. तो आहे या मुलांच्या अखंड भ्रमंतीचा. पोलिसांची धरपकड, थोराड पोरांची दहशत, पावसाळा, कोठे तरी भरलेली जत्रा, अशा एखाद्या निमित्ताने मूल समोरच्या गाडीत चढते, आणि महत्प्रयासाने ज्या कार्यकर्त्यावर त्याचा विश्वास बसू लागलेला असतो, तो मागच्या फलाटावरच राहतो. नव्या ठाण्यावर त्याला ओळख देणारी टोळी बहुधा चिंधीसहच भेटते. व्यसन सुटायला रोज तोच माणूस भेटावा लागतो, आणि नेमके तेच या मुलांच्या नशिबी नसते.

आपली व्यवस्थाही, हेतू शुद्ध असूनही, या भ्रमंतीत भर घालते. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे, ही कायद्याची आज्ञा योग्यच आहे. परंतु समिती जिल्ह्याची, आणि मूल परमुलुखातले निघाले की चौकशीअंती त्याची रवानगी मूळ जिल्ह्याकडे होते, म्हणजे पुष्कळदा त्याच उंबरठ्याकडे, जेथला मार चुकवण्यासाठी त्याने गाव सोडलेला असतो. तेथून ते पुन्हा पळाले, की नव्या हद्दीत नवे दफ्तर उघडते आणि मागील उपचारांचा दाखला जुन्या कपाटात पडून राहतो.

म्हणून शासनाला कळकळीची विनंती आहे, की मुलाची रवानगी करण्यापूर्वी त्याची नशा उतरण्याची आणि ती उतरताना जवळ बसणाऱ्या माणसाची तजवीज करावी, आणि त्याचे दफ्तर, मग मूल नागपूरला उतरो की सुरतेला, त्याच्या मागोमाग धाडावे. आणि वाचकहो, फलाटावर असे मूल दिसले तर त्याला हाकलू नका. १०९८ या बाल-मदतवाहिनीच्या क्रमांकावर कळवा, आणि मदत येईपर्यंत त्याच्यापाशी थांबा.