निळं इंजिन

मुलांनो, तुमच्या घरी अशी एखादी वस्तू आहे का, जी चालत नाही पण टाकवतही नाही? कुणाकडे आजोबांचा रेडिओ असेल, कुणाकडे आजीचं शिलाई मशीन. आमच्याकडे पाणी ओढायचं एक छोटं इंजिन होतं. दोरी गुंडाळून झटक्यानं ओढायची, पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर चालवायचं. दोन माणसं उचलून नेतील एवढंच ते. अचलपूर तालुक्यातल्या आमच्या शेतात संत्र्याची झाडं त्यानंच जगवली. पुढे विजेची मोटर बसली आणि इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं.

मी सेमाडोहला प्राथमिक शाळेत शिकवतो. सेमाडोह म्हणजे मेळघाटातलं, सिपना नदीकाठचं गाव. चहूकडे सागाचं जंगल, वाघाचं राज्य. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी घाटातली वळणं घेत इथे येते. आमच्या शाळेतली बरीचशी मुलं कोरकू. शाळेमागे आम्ही परसबाग केली आहे. वांगी आहेत, टमाटे आहेत, पालक आहे. पण विहिरीचं पाणी दोर-बादलीनं काढता काढता हाताला फोड यायचे. एकदा वाटलं, ते जुनं इंजिन इथे आणलं तर?

दिवाळीच्या सुट्टीत जीपमध्ये टाकून आणलंही. बाबा सोबत आले. म्हणाले, "इंजिन एकटं कसं धाडू?"

अंगणात गोणपाटावर इंजिन ठेवलं आणि गावातली चार-पाच पोरं भोवती जमली. कधीकाळी निळं असलेलं ते इंजिन आता निम्मं तांबूस झालं होतं. रंगाला जागोजागी फोड आले होते आणि फोड खरवडला की आतून गंजाचा भुगा पडत होता. एका मुलानं विचारलं, "गुरुजी, वरून नवा रंग मारला की झालं ना?"

नाही झालं! लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. गंज सच्छिद्र असतो, त्यातून ओल आत शिरतच राहते. त्याच्यावर रंग मारला तर वरून छान दिसतं, पण आत लोखंड खाणं चालूच असतं. रंग हा लोखंडाचा रेनकोट आहे असं समजा. अंग पुसून, कोरडं करूनच तो चढवायचा. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला. तो साधारण दर सात वर्षांनी रंगवतात आणि एका वेळी सुमारे साठ टन रंग लागतो. तो केवळ शोभेसाठी नव्हे. रंग दिला नाही तर तो लोखंडी मनोरा गंजून जाईल.

दुसऱ्यानं विचारलं, "गुरुजी, हे नावेला लावता येतं का?" प्रश्न चांगला होता. नावेच्या मागे टांगतात ते इंजिन याचंच चुलत भावंड. तेही दोरीनं सुरू होतं. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली तसं इंजिन विकायला सुरुवात केली. तळ्यापलीकडून होडी वल्हवत आणलेलं आईस्क्रीम वाटेतच वितळलं आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. आपल्या कोकणात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून खरवडतात, इंजिनं दुरुस्त करतात, रंगवतात. खाऱ्या हवेत गंज फार लवकर चढतो ना!

तर आम्ही कामाला लागलो. आधी टाकीतलं आणि इंजिनातलं जुनं तेल काढलं. प्लगची वायर सोडवली. सगळं काम उघड्यावर केलं आणि आसपास चूल की बिडी, काही पेटू दिलं नाही. मुलांकडे स्क्रू सांभाळायचं काम दिलं. काडेपेटीच्या रिकाम्या डब्यांवर आकडे घालून त्यांनी एकेक स्क्रू जागेवर ठेवला. खरवडताना मात्र मी त्यांना लांब बसवलं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना फार बाधते. २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. पण हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून तोंडाला फडकं बांधलं, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलं आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून वेगळा ठेवला.

घासता घासता मी टाकीचं झाकण हातात घेतलं. त्याच्यावर निळ्या रंगाचा जाड थर होता. तो नखानं उचकटला. झाकण उजेडाकडे धरलं, तर मधोमध सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसला. आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला.

का ते सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पाचवीत होतो. नवरात्राच्या आधी बाबांनी हे इंजिन परतवाड्याच्या एका मिस्त्रीकडून दुरुस्त करून आणलं होतं. तो मिस्त्री बाबांचा जिवाभावाचा दोस्त. आमच्याकडे जेवायला यायचा, माझ्यासाठी बेअरिंगचे छर्रे आणायचा. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, हे तुम्हांला माहीत आहेच. मला वाटलं, इंजिनही सजवावं. खिडक्यांचा निळा रंग उरला होता. बाबा बाजारात गेले तेव्हा मी ब्रश घेऊन सगळं इंजिन निळं केलं. गंज, धूळ, स्क्रू, झाकण, काहीच सोडलं नाही. बाबा आले, त्यांनी पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वा रे पठ्ठे!" बाबा फारसं कौतुक करत नसत. ती शाबासकी मी दोन दिवस मिरवली.

दसऱ्यानंतर इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं चाललं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. दोन दिवस असंच. शेवटी बाबांच्या ध्यानात आलं की झाकण सैल ठेवलं तर ते चालतं. त्यांनी मिस्त्रीला गाठलं. "माह्यं झाकन बदलवलं तुवं. चांगलं काढून घेतलं अन् हे खराब लावलं." मिस्त्री म्हणाला, "झाकन तेच हाय भाऊ." शब्दाला शब्द लागला. त्यानंतर तो कधी आमच्याकडे आला नाही. बाबाही त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवायचे.

तुम्ही तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडताना पाहिलं असेल. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक असेल तर तेल अडतं. टाकीच्या झाकणाचं भोक म्हणजे ते दुसरं भोक. मी ते रंगानं बुजवलं होतं. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना.

पाचवीत मला हे भोकाचं गणित कळलं नव्हतं. पण एक गोष्ट नक्की कळली होती. मी रंग दिला आणि त्यानंतरच इंजिन बिघडलं. ते मी कुणाला बोललो नाही. शाबासकी परत द्यावी लागली असती ना!

झाकण हातात धरून मी बराच वेळ बसलो. पोरं विचारत होती, "काय झालं गुरुजी?" बाबा बाजेवर बसले होते. मुलं गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो.

"बाबा, झाकन तेच होय. भोक मी बुजवलं होतं रंगानं."

त्यांनी झाकण डोळ्याला लावलं. "तुले तवाच समजलं होतं?"

"भोकाचं नाई. पन मी रंग देल्यावरच इंजिन बिघडलं, येवढं समजलं होतं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुमी शाबासकी देल्ली होती."

त्या रात्री बाबा काही बोलले नाहीत. अर्धीच भाकर खाल्ली. मला वाटलं, उगाच सांगितलं. या वयात त्यांना त्रास दिला. पण पहाटे मला हलवून उठवत म्हणाले, "परतवाड्याची यष्टी कितीले हाय?"

दुकान आता मिस्त्रीचा मुलगा चालवतो. म्हातारा मिस्त्री बाहेर खुर्चीवर ऊन घेत बसला होता. बाबांनी खिशातून झाकण काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "चूक आमची होती. तुह्यावर आळ घेतला." मी पुढे होऊन सगळं सांगितलं. त्यानं झाकण आभाळाकडे धरलं आणि त्या भोकातून कितीतरी वेळ पाहत राहिला.

"मी म्हनलं होतं ना, झाकन तेच हाय," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पंचवीस वर्सं झाली."

त्यावर आम्हां दोघांकडेही उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं मुलाला चहा सांगितला आणि माझ्याकडे वळला, "सायलेन्सरले कोनता रंग देतं?" मी म्हटलं, "हाच, साधा ऑइल पेंट." तो हसला. "जळून जाईन ना! त्याले उष्णतेचा येगळा रंग येते. अन् सिलिंडरच्या पाकळ्यायले जाड थर देऊ नको, हवा लागली पायजे." पाकळ्या म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्या. त्यांच्यावरून हवा जाते आणि इंजिन थंड राहतं. निघताना बाबा आणि तो एकमेकांशी संत्र्याच्या भावाबद्दल बोलत होते.

परत आल्यावर आम्ही इंजिन कोरडं करून रेड ऑक्साइडचा हात दिला. तो वाळल्यावर निळ्या ऑइल पेंटचे दोन पातळ हात दिले. नावाच्या पत्र्यावर आधीच चिकटपट्टी लावली होती. हल्ली रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून आम्ही ते पेट्रोलवरच चालवतो. परसबागेला पाणी मिळतं.

तुम्हांला एक प्रयोग सांगतो. दोन गंजके खिळे घ्या. एक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, दुसरा तसाच ठेवा. मोठ्या माणसांच्या मदतीनं दोन्हींना सारखाच रंग द्या, वाळू द्या आणि ओल्या मातीत पुरून ठेवा. महिन्यानं उकरून पाहा आणि मला कळवा.

आणि हो, इंजिन सगळं निळं आहे, पण टाकीचं झाकण मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे. नव्यानं शाळेत आलेली मुलं विचारतात, "गुरुजी, हे रंगवायचं राहिलं का?" मग मी त्यांना ही गोष्ट सांगतो.