धरमपेठेतला दोरा आणि घरची गोधडी

वाचक भगिनींनो, नागपूरला तुमचे येणे होतच असते. कुणाचे दवाखान्याच्या कामाने, कुणाचे मुलांच्या अ‍ॅडमिशनसाठी, कुणाचे कोर्टकचेरीच्या तारखेला. गणेशपेठेच्या एस.टी. स्टँडवर उतरावे, काम उरकावे, बर्डीवर दोन जिन्नस घ्यावेत आणि संध्याकाळची गाडी गाठावी, एवढेच आपले नागपूर. आज मी तुम्हाला बर्डीच्या थोडे पश्चिमेला, धरमपेठेत घेऊन जाणार आहे. काम सुईदोऱ्याचे आहे. पण त्यात चार पैशांचा आणि आपल्या कष्टाच्या मोलाचाही प्रश्न आहे, म्हणून हा लेख.

बर्डीहून झाशी राणी चौक मागे टाकून अंबाझरीच्या दिशेने निघाले की डाव्या-उजव्या हाताला शंकरनगर, गोकुळपेठ, धरमपेठ अशा वस्त्या लागतात. २०२० साली या रस्त्यावरून मेट्रो सुरू झाली, त्यामुळे आता जाणे सोपे झाले आहे. शंकरनगर चौकात उतरा आणि पायी चला. वाटेत लेडी अमृताबाई डागा कॉलेजचे नाव कानावर येईल. १९३२ सालापासून मुलींना शिकवणारी ही संस्था. गृहविज्ञान हा विषय तिथे आजही शिकवतात. पुढे लक्ष्मीभुवन चौक, कॉफी हाऊस चौक, मुलांची ट्रॅफिक पार्क. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांची, दागिन्यांची दुकाने. आतल्या गल्ल्यांत मात्र जुनी घरे, अंगणात कडुनिंब आणि फाटकाशी जास्वंद अजून दिसते. जवळच गोकुळपेठेचा भाजीबाजार आहे. तिथली वांगी, सांबार आणि मेथी आपल्याच बाजूच्या शेतांतून आलेली असते.

मुलीच्या शिक्षणासाठी माझे बिऱ्हाड दोन वर्षांपासून इथे आहे. नोकरी तालुक्याला, कृषी विस्तार अधिकाऱ्याची. आठवडाभर कापसाची बोंडअळी आणि तुरीचा मर रोग. रविवार तेवढा माझा. गोधडी शिवण्याची मला लहानपणापासून आवड. आईच्या हाताखाली शिकले, आणि उन्हाळ्यात एक तरी गोधडी पुरी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. भरतकाम मात्र कधी शिकले नव्हते. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका रविवारी दुपारी सात-आठ जणींना भरतकाम शिकवतात. पन्नाशी उलटल्यावर मी तिथे नाव घातले.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीला कापडाचा तुकडा दिला आणि साधा धावदोरा घालायला सांगितला. माझा तुकडा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही कुठे शिकलात? टाका एकसारखा आहे, मागूनही." मी म्हटले, "बाई, कुठे शिकले नाही. गोधड्या शिवते." त्या हसून म्हणाल्या, "मग तुमचे अर्धे शिक्षण झाले आहे. बाकीच्यांना हात बसवायला तीन महिने लागतात."

भगिनींनो, हे मी माझ्या कौतुकासाठी सांगत नाही. तुमच्यापैकी ज्या गोधडी, वाकळ किंवा बाळाचे दुपटे शिवतात, त्या सगळ्यांच्या हातात हे अर्धे शिक्षण आहे. ते घरचे म्हणून त्याची किंमत कुणी करत नाही, आणि आपणही करत नाही.

आपल्या धावदोऱ्याची भावंडे देशभर आहेत. बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानेच फुले, मासे, पक्षी काढतात. त्याला कांथा म्हणतात. पूर्वी त्यासाठी दोराही विकत घेत नसत, जुन्या साडीच्या काठातून ओढून काढत. बिहारात तशीच सुजनी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या कोपऱ्यापासून ठिगळे लावत लावत कडेकडेने मध्यापर्यंत येतात. धारवाडच्या कसुतीत कापडाचे धागे मोजून टाका घालतात आणि गाठ मारत नाहीत. आणि दूर कशाला, यवतमाळ-वाशीमकडच्या आपल्या बंजारा भगिनींचे आरसे-कवड्यांचे भरतकाम पाहा. भरतकाम शिकायचे म्हणजे काही परके शिकायचे नाही. ओळखीच्या वाटेने थोडे पुढे जायचे आहे.

आता प्रत्यक्ष कामाचे. सुरुवातीला पाच टाके पुरे होतात: धावदोरा, उलटी टीप, देठाचा टाका, साखळी आणि काजाचा टाका. वेल, पान, फूल, मोर, बैलजोडी, सगळे त्यात बसते. सामान थोडेच लागते. लाकडी रिंग, भरतकामाच्या सुया, दोऱ्याच्या लडी आणि लहान कात्री. सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा. लडीतला दोरा सहा पदरी असतो. त्यातले दोन किंवा तीन पदर वेगळे काढून वापरायचे. दोरा हातभरच तोडावा. लांब घेतला की गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला गेल्याने त्याची चकाकी जाते. काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर कापडावर तिचा वळ उमटतो. कापूस वेचून बोटे खरखरीत झालेली असतात, त्यात दोरा अडकतो. बसण्याआधी थोडे खोबरेल आणि साखर हाताला चोळून धुऊन घ्यावे.

गोधडीवर भरतकाम करायचे तर एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळे थर जोडल्यावर फुले भरायला बसू नये. जाड थरांतून सुई काढताना टाका वेडावाकडा होतो आणि मनगट दुखते. आधी वरच्या कापडावर भरतकाम पुरे करावे, मग ते कापड थरांवर अंथरून चार बाजूंना विटा ठेवाव्यात, कच्चा दोरा घालावा आणि नंतर धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. फूल आले की ओळ त्याच्या कडेने फिरवावी. त्याने फूल उठून दिसते. पांघरायच्या गोधडीवर लांब भरीव टाके टाळावेत. ते जोडव्यात, बांगडीत, खाटेच्या सुतळीत अडकून उसवतात. साखळी आणि देठाचा टाका जास्त टिकतो.

नवे सुती कापड आणि जुने लुगडे एकत्र शिवणार असाल तर नवे कापड आधी धुऊन वाळवा. जुने धुऊन धुऊन आटलेले असते, नवे नंतर आटते, आणि पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. रंगाचीही परीक्षा घ्या. प्रत्येक रंगाच्या दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. डाग पडला तर तो दोरा वापरू नका. लाल आणि गर्द निळ्याच्या बाबतीत तर ही परीक्षा चुकवूच नये.

ही परीक्षा किती मोलाची आहे, ते आमच्या भागातल्या एका बाईच्या अनुभवावरून सांगते. बचत गटातली बाई, हात फार सुरेख. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी तिने शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून टेबलक्लॉथ भरायचे काम घेतले. कापड त्याचे, दोरा त्याचा. दोन महिने रात्री जागून तिने काम दिले. धुतल्यावर रंग उतरला म्हणून त्याने निम्मे पैसे कापले. दोरा त्यानेच दिला होता, पण कागदावर काहीच नव्हते. फी वेळेवर भरता आली नाही, आणि ती तजवीज करायला तिला कानातले मोडावे लागले. मुलगी आज शिकते आहे, पण कानातले गेले ते गेले.

म्हणून, काम घेण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: नगाला दर किती, कापड-दोरा कुणाचा, माल कधी द्यायचा आणि खराबी निघाली तर कुणी सोसायची. दिलेल्या दोऱ्याचा तुकडा आणि कापडाची चिंधी जपून ठेवा. एकटीने न घेता गटाच्या नावाने काम घेतले तर बोलायला बळ येते. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ सालापासून आणि 'उमेद' अभियान २०११ सालापासून गटांबरोबर काम करीत आहे. तुमच्या गावातल्या ताईंना विचारा.

आणि दर कसा काढायचा? आपण एकरी खर्च काढतो ना, तसाच. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी धरा. एकेक इंचावर ओळ घातली तर ६० ओळी होतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे शिलाई झाली ४२० फूट. इंचाला चार टाके धरले तर २०,१६० टाके! मिनिटाला २० टाके पडले तरी हजारावर मिनिटे, म्हणजे जवळजवळ १७ तास. यात कापड जोडणे, कच्चा दोरा, काठ आणि भरतकाम धरलेले नाही. तुमच्या गावी निंदणाला जी मजुरी चालते, त्या हिशेबाने हे तास मोजा, त्यात कापड-दोऱ्याचा खर्च मिळवा. त्याखाली कुणी गोधडी मागितली तर खुशाल नाही म्हणा. गोकुळपेठेच्या बाजारात आपल्या वांग्याचा भाव दुसराच ठरवतो, कारण वांगे उद्या सडते. गोधडी सडत नाही. तिला थांबायला वेळ आहे, आणि हीच तिची ताकद आहे.

धरमपेठेतल्या वर्गात एक प्रश्न मात्र मला नेहमी टोचतो. बाई म्हणतात, जुने सुती कापड आणा. तिथल्या भगिनींना ते मिळत नाही, आणि खरे सांगायचे तर आता आपल्या गावातही मिळत नाही. नऊवार सुती लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात, अख्खी गोधडी एका लुगड्यात! आजीचे लुगडे फाटले की तिची ऊब नातवंडांच्या अंगावर येई. आज कपाटे नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्यांनी भरली आहेत. त्यांना घाम शोषता येत नाही, थर सरकतात आणि ठिणगी पडली तर कापड वितळून अंगाला चिकटते. आपण कापूस पिकवणारी माणसे. याच नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे ती बंद पडली. १९७६ साली इथे कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आली. एवढे असून आपल्याच घरात सुती कापड शोधावे लागते. म्हणून घरातले जुने धोतर, पंचा, सुती साडी, मलमलचे दुपटे भांड्यावर देऊ नका. धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून बांधून ठेवा. लग्नकार्यात आहेर घेताना एक तरी सुती साडी घ्या.

सुरुवात कशावर करावी, असे विचाराल तर माझे उत्तर आहे, पोळ्याच्या झुलीवर. झुलीचे कापड मोठे, नक्षी ठसठशीत, आणि टाका थोडा मोठा पडला तरी बैल काही बोलत नाही. घरात ट्रॅक्टर असेल तर लेकराच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला छोटी झूल करा. आमच्या वर्गात मी पहिली पुरी केलेली वस्तू हीच. कडेने साखळी, मध्ये पऱ्हाटीचे बोंड. धरमपेठेतल्या दोघी-तिघींनी बोंड कधी जवळून पाहिले नव्हते. पुढच्या रविवारी मी शेतातून खरी फुटलेली बोंडे नेली, आणि बाईंनी सगळ्यांना तीच नक्षी काढायला लावली. शिकवणारी त्या दिवशी थोडा वेळ मी झाले होते.

नागपूरला याल तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात हस्तशिल्पाचा मेळा आहे का, याची चौकशी करा. १९८६ सालापासून हे केंद्र आहे. तिथे निरनिराळ्या राज्यांचे कारागीर येतात, त्यांच्या कापडाची मागची बाजू पाहायला विसरू नका. कामाची खरी परीक्षा मागेच होते. वर्ध्याला जाणे झाले तर १९३८ साली सुरू झालेले मगन संग्रहालय पाहा. खादी आणि ग्रामोद्योगाचे काम तिथे पाहायला मिळते.

शेवटी डोळ्यांबद्दल. चाळिशी लागली असेल तर आधी चष्म्याचा नंबर काढा. काम दिवसाच्या उजेडात करा, वीस-पंचवीस मिनिटांनी सुई ठेवून लांबच्या झाडाकडे पाहा. तुरीची खळी आटोपली, कापसाचा शेवटचा वेचा झाला की दुपारी सावली असते आणि थोडी सवडही. लेकींना, सुनांना सोबत घ्या. मुलगे बसले तरी हरकत नाही, सुई काही विचारत नाही. पाऊस लागायच्या आत गोधडी पुरी करा, दोन उन्हे दाखवा, आणि कोपऱ्यात आपले नाव व साल साखळी टाक्याने भरा. सातबाऱ्यावर नाव चढायला वेळ लागतो. गोधडीवर ते आजच चढवता येईल.